रेषेचा वेग

पेन्सिलीत पळणारा माणूस शाईत आला की थांबतो. नाक तेच असतं, सुटलेलं पोट तेच असतं, हवेत उचललेला पायही त्याच कोनात असतो. पण आता तो पळत नसतो, पळण्याच्या आविर्भावात उभा असतो. व्यंगचित्रं काढणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हे कधी ना कधी सलतं. मला ते इतकं सललं की त्यापायी टाक, ब्रश, टेक्निकल पेनं, ब्रशपेनं आणि पुढे टॅबलेट असं हाताला लागेल ते साधन घेऊन मी एकच चित्र पुन्हा पुन्हा काढत आलो आहे.

या बिघाडाचं एक कारण सगळे जण सांगतात, आणि ते खरं आहे. पेन्सिलीच्या कच्च्या चित्रात एकाच कडेसाठी चार-पाच रेघा पडलेल्या असतात. पाहणाऱ्याचा डोळा त्यातली सर्वांत चांगली आपोआप उचलतो. शाईत एकच रेघ ठेवायची असते आणि ती आपल्याला निवडावी लागते. पण माझ्या मते यापेक्षा मोठं कारण हाताच्या वेगात आहे. पेन्सिलीने आपण चित्र काढतो आणि शाईने गिरवतो. गिरवणारा हात सावध असतो, सावध हात हळू चालतो, आणि हळू ओढलेली रेघ हळूच दिसते. शाई वाळल्यावरही ती रेघ किती वेगाने ओढली होती हे तिच्यात राहतं. शेवट निमुळता झाला आहे की बोथट, वळणावर जाडी बदलली आहे की नाही, कड थरथरली आहे का, यांवरून ते कुणालाही कळतं. चित्रकलेतलं काही न कळणाऱ्यालाही. पळणाऱ्या माणसाची पाठ हळू रेघेने काढली तर तो पळणार कसा?

माझं प्रयोगाचं चित्र साधं आहे. वाऱ्याने छत्री उलटी झालेला एक जाडा, घाईतला माणूस. हे चित्र निवडण्याचं कारण असं की त्यात पाच वेगवेगळ्या रेघा लागतात. छत्रीच्या काड्या ताठ आणि बारीक, तिचं कापड फडफडणारं, कोट जड आणि ओला, चेहरा छोटा पण त्यावरच सगळा विनोद, आणि भोवती तिरपा पाऊस. एकच साधन या पाचही गोष्टी नीट करू शकत नाही, हे मला फार लवकर दिसलं. ते का करू शकत नाही, हे कळायला मात्र बराच काळ गेला.

टाकापासून सुरुवात करतो. टाकाच्या निबेची दोन पाती असतात, मध्ये खाच असते आणि खाचेच्या वरच्या टोकाला बारीक भोक असतं. त्या भोकामुळे पाती मोकळेपणाने फाकतात. दाब दिला की ती फाकतात, खाचेतून जास्त शाई उतरते आणि रेघ जाड होते. दाब काढला की पाती मिटतात आणि रेघ केसासारखी बारीक होते. पण हे सगळं निब आपल्याकडे ओढताना. पुढे ढकलायला गेलं की टोक कागदात रुततं, तंतू उपटतं आणि शाईचे शिंतोडे उडवतं. म्हणजे टाक दिशेच्या बाबतीत फार हट्टी आहे. त्याच्याशी जमवून घ्यायचं तर हात न वळवता कागद वळवायचा. टाकाने काम करताना माझा कागद सारखा फिरत असतो आणि चित्रातला माणूस बहुतेक वेळ माझ्याकडे डोकं करून नाहीतर आडवा पडलेला असतो. त्याचा एक अनपेक्षित फायदा होतो: उलट्या चित्रात नाक हे नाक वाटत नाही, नुसती एक वळणदार रेघ वाटते, आणि मग ती बरी येते.

नवी निब शाई धरत नाही, थेंब होऊन ती घरंगळते. गंज चढू नये म्हणून निबेवर तेलाचा किंवा लाखेचा पातळ थर दिलेला असतो. कुणी तो ज्योतीवर क्षणभर धरून घालवतात. मी टूथपेस्टने घासून धुतो, कारण जास्त तापलं की पोलादाचा लवचीकपणा जातो. जपानी कॉमिक्सवाले वापरतात ती जी-पेन निब कडक असते, दाब सोडल्यावर चटकन मिटते. जिलॉट कंपनीची ३०३ क्रमांकाची निब मऊ आहे. थोड्या दाबाने मोठी जाडी देते, पण चुकीच्या दिशेला गेली की माफ करत नाही. चेहऱ्यासाठी मला ३०३ आवडते. भुवईची रेघ बारीक सुरू होऊन मध्ये फुगली आणि पुन्हा बारीक झाली की त्या माणसाला नुसता राग येत नाही, राग येऊन ओसरतानाही दिसतो.

टाकाचा वेग मध्यम. फार हळू ओढला तर शाई साचून डबकं होतं, फार जलद ओढला तर खाचेतून शाई पोचत नाही आणि रेघ मधेच तुटते. चार्ल्स शुल्झ यांनी ‘पीनट्स’ ही चित्रमालिका १९५० ते २००० अशी जवळजवळ पन्नास वर्षं काढली, १७,८९७ स्ट्रिप्स, आणि शाईकामासाठी सहाय्यक ठेवला नाही. त्यांची निब एस्टरब्रुक कंपनीची, ९१४ क्रमांकाची. ती बंद होणार असं कळल्यावर त्यांनी उरलेला सगळा साठा विकत घेऊन ठेवला. बाहेरच्याला हा छंदिष्टपणा वाटेल. मला तो पूर्ण समजतो. त्यांच्या हाताने त्या एका निबेचा वेग शिकून घेतला होता, आणि वेगळी निब म्हणजे सगळ्या पात्रांच्या चेहऱ्यांची नव्याने ओळख करून घेणं होतं. उतारवयात त्यांचा हात कापू लागला आणि ती थरथर रेघेत उतरली. तरी ती रेघ मेली नाही, कारण ती गिरवलेली नव्हती. कापणारा हातही काढतच होता.

ब्रशकडे मी घाबरत गेलो. निब कागदावर टेकते, कागद तिला विरोध करतो आणि त्या विरोधाचा हाताला आधार होतो. ब्रशला तो आधार नाही. टोक हवेत असल्यासारखं वाटतं, आणि ते एक मिलीमीटर खाली गेलं की रेघेची जाडी दुप्पट. अशा साधनाने हळू जाऊ पाहिलं तर मनगटाची प्रत्येक चुळबुळ कागदावर उमटते. सगळे नवशिके हेच करतात, भीतीने हळू जातात. उपाय अगदी उलटा आहे. जलद जायचं, खांद्यातून हात फिरवायचा आणि नजर ब्रशच्या टोकावर न ठेवता रेघ जिथे पोचायची आहे त्या जागेवर ठेवायची. ओढण्याआधी तीच हालचाल कागदाच्या वर हवेत एक-दोनदा करून घ्यायची आणि हात फिरता असतानाच टोक खाली आणायचं. त्या क्षणी ब्रश आपोआप स्थिर होतो. कोटाची ओली, लोंबणारी कड मला पहिल्यांदा ब्रशनेच सापडली. खांद्यापासून खिशापर्यंत एक रेघ, पोटाच्या खाली जाड होत गेलेली. कोटाचं वजन नेमकं तिथेच असतं.

आर. के. लक्ष्मण ब्रशने काम करत. त्यांच्या सामान्य माणसाच्या चौकड्यांच्या कोटाकडे एकदा फक्त रेघ म्हणून पाहावं. चौकडी काढायची म्हटलं की हात पट्टी शोधू लागतो. तिथे मात्र रेघा अंगाच्या गोलाईबरोबर वाकतात आणि पट्टीचा मागमूस नसतो. ब्रिटिश वर्तमानपत्रांतले व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांची राजकीय चित्रंही ब्रशची. मोठे नेते, मोठे कोट, मोठ्या काळ्या जागा, आणि सगळं इतक्या मोजक्या फटकाऱ्यांत की मोजता येतील. बिल वॉटरसन यांनी आपल्या ‘कॅल्विन अँड हॉब्स’ या स्ट्रिपसाठी छोटा सेबल ब्रश, म्हणजे प्राण्याच्या मऊ केसांचा ब्रश वापरला, अक्षरांसाठी रॅपिडोग्राफ हे एकाच जाडीची रेघ देणारं पेन आणि किरकोळ कामांसाठी क्रोक्विल ही अगदी बारीक निब. उड्या मारणारा, आरडाओरडा करणारा सहा वर्षांचा मुलगा ब्रशने आणि त्याचं बोलणं पेनाने, ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. अक्षरांना एकसारखा वेग हवा, मुलाला नको.

ब्रशच्या बाबतीत पैसे वाचवू नयेत, हे माझं ठाम मत आहे. उत्तम ब्रश कोलिन्स्कीचे. कोलिन्स्की म्हणजे सायबेरियातल्या एका मुंगसासारख्या लहान प्राण्याच्या शेपटीचे केस. ते मध्ये जाडसर आणि टोकाला निमुळते असतात, त्यामुळे ब्रशच्या पोटात भरपूर शाई राहते आणि तरी टोक सुईसारखं येतं. विन्सर अँड न्यूटन कंपनीच्या सिरीज ७ या ब्रशांची परंपरा १८६६ पासून सांगतात. राणी व्हिक्टोरियासाठी सात नंबरचे उत्तम ब्रश करण्याचा हुकूम निघाला आणि नाव तिथून पडलं. ब्रश घेताना तो पाण्यात बुडवून एक झटका द्यावा. टोक स्वतःहून जुळलं तर तो ठेवावा, फाटलं तर परत करावा. शाईत तो पत्र्याच्या पट्टीपर्यंत कधीही बुडवू नये. इंडिया इंकमध्ये काजळीबरोबर बहुधा लाखेचं बंधन असतं. ती पट्टीच्या आत वाळली की केस मुळापासून पसरतात आणि मग कोणताही साबण उपयोगी पडत नाही.

ब्रशपेनाबद्दल थोडक्यात. पेंटेलच्या खिशातल्या ब्रशपेनाला नायलॉनचे केस असतात आणि मागे शाईची नळी. प्रवासात त्याला तोड नाही. पण त्यात शाई संपत नाही, हीच माझी अडचण. टाक किंवा ब्रश दौतीत बुडवायला हात बाजूला जातो तेव्हा डोळा चित्रावरून उठतो आणि परत येताना ते चित्र जरा परक्यासारखं पाहतो. पुढची रेघ लागणारच नाही, हे मला बहुतेक वेळा त्या फेरीतच कळतं. ब्रशपेन ही फेरी काढून टाकतं, आणि माझी ब्रशपेनाची चित्रं नेहमी थोडी जास्त काढलेली असतात.

टेक्निकल पेन या सगळ्यांच्या विरुद्ध टोकाला. रोट्रिंगचा रॅपिडोग्राफ १९५३ मध्ये आला तो आराखडे काढणाऱ्यांसाठी. ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ या जाड्या एकमेकींच्या सुमारे १.४ पट आहेत, म्हणजे ए-४ चा आराखडा ए-३ वर मोठा केला की रेघ बरोबर पुढच्या पेनाची होते. किती सुंदर विचार आहे! पण त्यातला मूळ हेतूच हा की रेघेवर हाताचा, दाबाचा, वेगाचा काही परिणाम होऊ नये. फायबरच्या टोकाची पिगमेंट पेनंही तशीच; मायक्रॉन या पेनांतलं ०१ म्हणजे ०.२५ मिलीमीटर, ०५ म्हणजे ०.४५. माझा छत्रीवाला या पेनाने काढला की छत्रीच्या काड्या झकास येतात आणि माणूस पुठ्ठ्याचा होतो. खुर्च्या, खिडक्या, जिने, टेबलं यांना ही पेनं उत्तम. माणसांना मी ती लावत नाही.

इथे कुणी ‘टिनटिन’ काढणाऱ्या एर्जे यांचं नाव घेईल आणि ते योग्यच आहे. त्यांची रेघ सगळीकडे जवळपास एकाच जाडीची, सावलीची जाळी नाही, आणि तरी पात्रं धावतात, पडतात, धडपडतात. त्या शैलीला ‘स्वच्छ रेघ’ हे नाव डच चित्रकार योस्ट स्वार्टे यांनी १९७७ मध्ये दिलं. पण एर्जे टाक वापरत. ती एकसारखी जाडी पेनाने आयती दिलेली नव्हती, हाताने राखलेली होती, आणि राखणाऱ्या हाताचा ताण त्या रेघेत राहतो. शिवाय शाई करण्याआधी पेन्सिलीत ते आकृतीवर रेघांचा गुंता करून त्यातली सर्वांत जोरकस रेघ शोधत. वेग तिथेच ठरलेला असे.

मुळात शुद्ध काळ्या रेघेचा हा सगळा आग्रह छपाईने लावला. जस्ताच्या पत्र्यावर लाइन ब्लॉक करत तेव्हा चित्राचा फोटो पत्र्यावर उतरवून रेघेबाहेरचा भाग आम्लाने खाऊन टाकत. उरेल तो भाग शाई घेणार, बाकीचा नाही. करडं असं काही नाही. म्हणून सावलीसाठी आडव्या-उभ्या रेघांची जाळी आली. चित्र छापील मापाच्या दीडपट किंवा दुप्पट काढून लहान करत, म्हणून जाळी मोकळी ठेवावी लागे, नाहीतर वर्तमानपत्राच्या कागदावर ती बुजून काळा डाग होई. फिकट निळी पेन्सिलही तिथूनच आली: छपाईच्या फिल्मला तो निळा पांढऱ्यासारखाच दिसे, त्यामुळे कच्च्या रेघा खोडायची गरज नसे. हे अजूनही उपयोगी आहे. मी कच्चं चित्र निळ्या पेन्सिलीने काढतो, वर शाई करतो, रंगीत स्कॅन करतो आणि त्यातला फक्त निळा चॅनेल, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या थरांपैकी निळ्याचा थर ठेवतो. निळी पेन्सिल त्यात जवळजवळ नाहीशी होते आणि शाई काळीच राहते. खोडरबर लावला की शाईचा काळेपणा थोडा उतरतोच. ते नुकसानही टळतं.

आता टॅबलेट. त्याच्याकडे मी तक्रार घेऊन गेलो नाही. कागदावर जे वर्षानुवर्षं जमलं नव्हतं ते इथे जमेल अशी आशा होती, आणि काही बाबतींत ते जमलंही. आजच्या बऱ्याच पेनांवर दाबाच्या ८,१९२ पातळ्या लिहिलेल्या असतात. त्या आकड्यापेक्षा दाबाचा आलेख महत्त्वाचा. किती दाबाला किती जाडी, ही वक्ररेषा प्रत्येक प्रोग्राममध्ये वाकवता येते. सुरुवातीचा दाब जड केला की निबेसारखा कडकपणा येतो, हलका केला की ब्रशसारखा. तयार ब्रशांचे संच गोळा करण्यापेक्षा एक गोल ब्रश घेऊन या आलेखाशी एक दिवस झगडावं, असं मी कुणालाही सांगेन.

अडचण स्टॅबिलायझरची. पेनाच्या टोकाच्या लागोपाठच्या जागांची सरासरी काढून तो रेघ गुळगुळीत करतो. त्यासाठी रेघ टोकाच्या थोडी मागून येते. थरथर जाते, हे खरं. पण सरासरीला थरथर आणि अचानक घेतलेलं वळण यांतला फरक कळत नाही. कोपर जिथे टोकदार हवं तिथे ते गोल होतं. झपकन मारलेली रेघ आणि घाबरत ओढलेली रेघ शेजारी ठेवल्या तर ओळखू येत नाहीत. ज्या वेगासाठी ब्रश शिकायचा, तो वेगच रेघेतून पुसला जातो. पडद्यावरच्या असंख्य चित्रांतली माणसं कुशल आणि तरी निर्जीव दिसतात त्याला मी बऱ्याच अंशी हेच जबाबदार धरतो. छत्रीच्या काड्यांना स्टॅबिलायझर चढवावा, माणसाला उतरवावा. काच गुळगुळीत लागत असेल तर खरखरीत फिल्म चिकटवावी. हाताला विरोध मिळाला की निम्मी थरथर तिथेच थांबते.

दुसरी गोष्ट झूम. चारशे टक्क्यांवर नाक काढताना नाक पानाएवढं असतं. मनगटाचा, कोपराचा आणि खांद्याचा असे हाताचे तीन कंस असतात. मनगटाचा लहान, खांद्याचा मोठा. कागदावर भुवई मनगटातून येते आणि कोट खांद्यातून, म्हणून दोन्हींचा वेग वेगळा दिसतो. झूम करत राहिलं की सगळं एकाच कंसाने काढलं जातं आणि चित्राच्या आत लहान-मोठं असं काही उरत नाही. मी आता चित्र छापील मापाच्या साधारण दीडपटीवर ठेवतो आणि शाईकाम होईपर्यंत त्याला हात लावत नाही. कॅनव्हास फिरवणं मात्र मनसोक्त करतो, तो कागद फिरवण्याचाच प्रकार आहे.

आणि मागे घेण्याची सोय. एक रेघ नको वाटली, पुसली, पुन्हा ओढली, पुन्हा पुसली. थोड्याच वेळात हात माणूस काढत नसतो, मघाच्या रेघेची दुरुस्ती करत असतो. म्हणजे पडद्यावरही पुन्हा गिरवणंच. यावर मला लागू पडलेला उपाय असा: पूर्ण आकृती संपेपर्यंत एकही रेघ मागे घ्यायची नाही. नंतर हवं तर नव्या लेयरवर सगळा माणूस परत काढायचा. एक भुवई वाईट म्हणून सगळा माणूस पुन्हा काढणं उधळपट्टी वाटते खरी, पण दुसऱ्या वेळचा माणूस पहिल्यापेक्षा मोकळा येतो.

कागदावर नसलेल्या ज्या गोष्टी टॅबलेट देतो त्यांबद्दल मला मनापासून कृतज्ञता आहे. क्लिप स्टुडिओ या चित्रकलेच्या प्रोग्राममध्ये व्हेक्टर लेयरवर, म्हणजे प्रत्येक रेघ सुटी ओळखणाऱ्या थरावर, दोन रेघा जिथे छेदतात तिथपर्यंतच पुसणारा खोडरबर आहे. त्यामुळे छत्रीच्या काड्या कापडापलीकडे बिनधास्त, पूर्ण वेगाने ओढता येतात आणि बाहेर आलेली टोकं एकेका स्पर्शात जातात. कागदावर याच काड्या कडेपाशी येताना हात आवरावा लागतो, आणि आवरलेलं दिसतं. या एका जागी पडद्याने मला कागदापेक्षा जास्त वेग दिला. फक्त काळ्या-पांढऱ्या रेघेचं चित्र छापायचं असेल तर ते निदान ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके ठेवून काढावं. कडा मऊ करायला करडे ठिपके नसतात, म्हणून ३०० वर तिरप्या पावसाच्या पायऱ्या होतात.

सध्या छत्रीवाला असा बनतो: निळी पेन्सिल कागदावर, चेहरा आणि हात ३०३ निबेने, कोट आणि काळ्या जागा ब्रशने, मग स्कॅन, आणि छत्री व पाऊस टॅबलेटवर. या वाटणीत एक दोष आहे. छत्रीची मूठ धरलेला हात कागदावरचा आणि मूठ पडद्यावरची, त्यामुळे त्या सांध्यावर दोन वेगांच्या रेघा भेटतात आणि हाताने मूठ घट्ट धरलेली दिसत नाही. मूठही निबेनेच काढून पाहिली, तर मग दांडा आणि मूठ वेगळी पडली.

म्हणून गेल्या काही दिवसांत बोरू घेतला आहे. तिरपा कापलेला, मध्ये चीर दिलेला. तो शाई फार थोडी धरतो. रेघ जोरात सुरू होते आणि बोटभर अंतरावर कोरडी पडते. लांब रेघ त्याला येतच नाही. व्हॅन गॉग यांनी १८८८ मध्ये आर्लमध्ये बोरूने काढलेल्या रेखाटनांत सगळं रान लहान लहान तुटक रेघांचं आणि ठिपक्यांचं आहे, त्याचं कारण हातात बोरू धरल्यावर लगेच कळतं. कोट बोरूने अजून चांगला येत नाही. पाऊस मात्र फार चांगला येतो, कारण थेंबही असाच जोरात सुरू होऊन विरतो. मूठ, दांडा आणि मूठ धरलेली बोटं तिन्ही बोरूनेच काढून पाहायची आहेत. त्यासाठी चीर आणखी थोडी खोल कापावी लागेल, म्हणजे शाई दांड्याच्या टोकापर्यंत पुरेल.